नेटचा ड्रायव्हर हरवला तेव्हा

मी हिंगणीहून बोलतेय. आज बचतीचं नाही, आमच्या ग्रामसंघाच्या लॅपटॉपचं सांगायचं आहे. पण त्यात बचतीचे दीड हजार रुपये जाता जाता वाचले, म्हणून ऐका.

झालं असं, की लॅपटॉप फार हळू चालायला लागला. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा. मग एका दुकानात देऊन विंडोज पुन्हा टाकून घेतलं. परत आणला तर नेटच नाही! वायफायची खूणच दिसेना. सोमवारी बँकेत चार गटांचे कर्जाचे कागद द्यायचे होते आणि ते सगळे ईमेलमध्ये. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, वायफायचं कार्ड गेलं. नवीन बसवावं लागेल, दीड हजार." आमच्या सचिवताई बाजूलाच होत्या. त्या म्हणाल्या, "परवा तं चालत होतं, आज काऊन गेलं?"

प्रश्न बरोबर होता. कार्ड म्हणजे वायफाय पकडणारा आतला लहानसा भाग. तो चालवायला एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. सेलूच्या स्टँडवर एसटी उभी आहे, डिझेल आहे, फक्त ड्रायव्हर आला नाही, तर आपण गाडी बिघडली म्हणतो का? विंडोज पुसून नव्यानं टाकलं की जुने ड्रायव्हरही पुसले जातात. बरेचसे विंडोज सोबत घेऊनच येतं. पण आमचा लॅपटॉप नवा आणि दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधलं विंडोज जुनं. त्याला हे कार्ड ओळखता आलं नाही, एवढंच.

हे तुम्हालाही तपासता येतं. स्टार्टच्या खुणेवर माउसचं उजवं बटण दाबा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे 'अदर डिव्हायसेस'खाली 'नेटवर्क कंट्रोलर' असं नाव आणि त्यावर पिवळी खूण दिसली, तर कार्ड जागेवर आहे, ड्रायव्हर नाही. कुठेच काही दिसलं नाही, तर मात्र कार्ड सैल झालेलं किंवा खरंच बिघडलेलं असू शकतं.

आता खरी पंचाईत. ड्रायव्हर मिळतो नेटवर, आणि नेट चालायला हवा ड्रायव्हर! गटाच्या पेटीची किल्ली पेटीतच राहावी आणि वरून कुलूप लागावं, तसं.

यातून वाट काढली मोबाइलनं. चार्जिंगच्या वायरनं फोन लॅपटॉपला जोडला. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट असतं ना, तिथेच 'यूएसबी टेदरिंग' असतं, ते सुरू केलं. साध्या हॉटस्पॉटचा उपयोग नाही, कारण तो पकडायलाही वायफाय लागतं. अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर बहुधा विंडोजमध्ये आधीच असतो. आमचं पहिल्यांदा जमलं नाही. वायर फक्त चार्जिंगची निघाली! दुसरी लावली आणि नेट आलं.

मग सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमध्ये शोध घेतला. कधी कधी ड्रायव्हर तिथल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये दडून बसतो. तिथे नसेल तर लॅपटॉपच्या खालच्या चिठ्ठीवरचं मॉडेल बघून त्याच कंपनीच्या साइटवरून घ्यायचा. तो फुकट असतो. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या भलत्या साइट पैसे मागतात, नको ते प्रोग्रामही घुसवतात. तिकडे जाऊच नका.

चिठ्ठी पुसली असेल तरी कार्डाचा पत्ता लागतो. त्या पिवळ्या खुणेच्या ओळीवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. व्ही, ई, एन या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं, १०ईसी असेल तर रिअलटेकचं. आमचं रिअलटेकचं निघालं. मी बी.ए. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्सही केलेला नाही, तरी रविवारच्या दुपारी तासाभरात काम झालं. सोमवारी कागद बँकेत पोचले.

तुमच्याकडे विंडोज टाकायचं असेल, तर आधीच नेटचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये उतरवून ठेवा. गटाच्या हिशेबाची कॉपीही त्यातच घ्या, कारण ते पुसलं गेलं तर कोणत्याच साइटवर मिळायचं नाही. आमचा पेनड्राइव्ह आता गटाच्या पेटीत असतो, आणि किल्ली कोषाध्यक्षताईंकडे.