डावा पाय कुठे आहे?

गेल्या वर्षी माझी भाची इथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाली. पुण्यात नऊ वर्षं गाडी चालवलेली मुलगी! लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गाडी घालणारी, भर पावसात ताम्हिणी घाट उतरलेली. तिला लीड्समधल्या एका सरळसाध्या गल्लीत नापास केलं म्हटल्यावर घरात पहिली प्रतिक्रिया जी व्हायची तीच झाली. "या लोकांना आपली माणसं पास करायचीच नसतात," असं तिचा नवरा म्हणाला. मीही मान डोलावली. मग तिने परीक्षकाचा शेरा दाखवला, आणि मी गप्प बसलो. कारण जी चूक तिने केली होती, तीच मी १९८६ साली केली होती, आणि तेव्हा गाडीत माझी बायको आणि दोन मुलं होती.

झालं होतं असं. उताराचा रस्ता, पुढे डावीकडे वळायचं होतं. बाईसाहेबांनी वळणाच्या बऱ्याच आधी क्लच पूर्ण दाबला, ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि क्लच तसाच दाबून ठेवून वळण घेतलं. गाडी वळणात मंद होण्याऐवजी पळाली, रस्त्याच्या मधल्या रेषेपलीकडे गेली, आणि समोरून येणाऱ्या व्हॅनवाल्याला थांबावं लागलं. किरकोळ चुका इथे १५पर्यंत माफ असतात. गंभीर चूक एकही चालत नाही. टेस्ट तिथेच संपली. पुढची चाळीस मिनिटं नुसतीच काढायची.

"मामा, पण मी ब्रेक लावला होता!" ती म्हणाली.

"लावलास. पण डावा पाय कुठे होता?"

या प्रश्नावर ती जरा थांबली. डावा पाय कुठे असतो हे आपल्यापैकी बहुतेकांना सांगता येत नाही, कारण तो कायम क्लचवरच असतो. आपल्याकडे गाडी शिकवतानाच तसं शिकवतात. मास्तर शेजारी बसलेले, त्यांच्या पायाखाली जादा पेडल्स, आणि समोर रिक्षा आडवी आली की एकच आरोळी: "क्लच-ब्रेक! क्लच-ब्रेक!" दोन वेगळी पेडल्स आहेत, त्यांची दोन वेगळी कामं आहेत, हे त्या आरोळीत विरघळून जातं. शिकणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं ते एवढंच की थांबायचं म्हणजे दोन्ही पाय एकदम खाली.

यात मास्तरांची सगळीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. शहरातल्या गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने जाते. तिथे क्लच दाबला नाही तर दोन फुटांत झटके खाऊन गाडी बंद पडते, आणि मागचे शंभर हॉर्न तुमचा उद्धार करतात. त्या वेगाला क्लच-ब्रेक बरोबरच आहे. गडबड होते ती तीच सवय तीस-चाळीस मैलांच्या वेगाला आणि उताराला लावली की.

क्लच म्हणजे काय हे इंजिनियर नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या टोकाला एक जड चाक फिरत असतं, फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लच प्लेट असते, आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडलवर पाय नसताना हे तिन्ही एकजीव फिरतात, म्हणजे इंजिन आणि चाकं एकमेकांना बांधलेली असतात. पेडल दाबलं की बांधलेली गाठ सुटते. इंजिन त्याच्या जागी फिरतं आणि गाडी तिच्या मर्जीने. क्लच दाबल्याने गाडी कधीही मंद होत नाही. हे वाक्य मी भाचीला तीन वेळा म्हणायला लावलं.

उलट गाठ बांधलेली असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकांना ते जड इंजिन ओढत न्यावं लागतं आणि गाडी आपोआप रेंगाळते. गिअर जितका खालचा, तितकी ही ओढ जास्त. याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात. त्यात काही झिजत नाही, तापत नाही, पैसे पडत नाहीत. क्लच दाबून किंवा न्यूट्रलला टाकून गाडी पळू देणं, याला इथे कोस्टिंग म्हणतात. हायवे कोडमध्ये त्यावर वेगळा नियमच आहे, क्रमांक १२२. इंजिनाचा ब्रेक जातो, उतारावर वेग झपाट्याने वाढतो, पायाच्या ब्रेकवर सगळा भार येऊन तो निकामी होऊ शकतो, वळणावर स्टीअरिंगचा ताबा कमी होतो, आणि ऐन वेळी हवा तो गिअर पडत नाही. हे सगळं मी टेस्टच्या आधी पाठ केलं होतं. पाठ करणं आणि पायाला कळणं यात फरक असतो.

आता १९८६ची गोष्ट. त्याआधी थोडं मागे जावं लागेल. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा आमच्या ओळखीतले गाडीवाले खंडाळ्याचा घाट न्यूट्रलवर उतरत. काही महाभाग तर किल्लीच बंद करत. घाटाच्या पायथ्याशी पोचल्यावर "आज अर्धा लिटर वाचवलं" असं अभिमानाने सांगत. मी वडिलांच्या मित्राच्या फियाटमध्ये मागे बसून हे पाहिलेलं, आणि माझ्या मनात ते हुशार ड्रायव्हरचं लक्षण म्हणून बसलेलं. एसटीचे जुने ड्रायव्हर मात्र वेगळं सांगायचे: ज्या गिअरला घाट चढाल, त्याच गिअरला उतरा. पण एसटीच्या ड्रायव्हरचं कोण ऐकतो!

ऑगस्टमध्ये आम्ही स्कारबरोहून परत येत होतो. मूरवर हेदरची जांभळी फुलं असतात म्हणून मुद्दाम ए-१७० घेतला. या रस्त्यावर थर्स्कच्या अलीकडे सटन बँक नावाचा उतार आहे. चाराला एक, म्हणजे २५ टक्के, आणि मधे चांगलं वळसेदार वळण. या उतारावर कॅरॅव्हॅन न्यायला बंदी आहे, इतकंच सांगतो. मी वरतीच न्यूट्रलला टाकली आणि ब्रेकवर पाय ठेवून निवांत निघालो. पहिल्या दोनशे यार्डांत काही वाटलं नाही. मग जळका वास आला. बायको म्हणाली, "काही करपलंय का?" मग पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पुन्हा दाबलं, आणखी खाली. दुसरा गिअर टाकायला गेलो तर नुसता करकराट. इतक्या वेगाला तो पडणार कसा? शेवटी कसाबसा तिसरा पडला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढला, आणि वळणात समोरच्या गाडीला हातभर अंतराने चुकवून आम्ही खाली सपाटीला आलो. चारही जण गाडीबाहेर उभे राहिलो. पुढच्या चाकांतून धूर येत होता. थर्मासमधला चहा कोणीच प्यायला नाही.

नंतर मी घरी बसून हिशेब केला, तो इथे देतो, कारण तो मला कुठल्याही भाषणापेक्षा पटला. १२०० किलोची गाडी १०० मीटर उंचीवरून खाली आली की जी ऊर्जा मोकळी होते, तिने साडेतीन लिटर गार पाणी उकळीला येईल. ती ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. गाडी गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन घेतं, आणि ते रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे असते. न्यूट्रलवर असेल तर सगळी उष्णता चार ब्रेकांत, त्यातही जास्त करून पुढच्या दोनांत. पॅड तापले की त्यांची पकड सुटते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि जुनं ऑइल तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं गॅरेजवाला म्हणतो तेव्हा तो तुम्हाला लुबाडत नसतो. निदान तेवढ्यापुरता तरी.

आणि किल्ली बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ब्रेकला जोर देणारा सर्व्हो इंजिनावर चालतो. इंजिन बंद झालं की एक-दोन दाबांत ती मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. किल्ली काढली तर स्टीअरिंगला कुलूप बसायचाही धोका असतो.

बरं, पेट्रोल तरी वाचतं का? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत थोडं वाचत असेल. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला, की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि संगणक पेट्रोलचा पुरवठा पूर्ण तोडतो. न्यूट्रलला टाकली की इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे जीव धोक्यात घालून वर खर्चही आपणच करायचा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बोरघाटात ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. त्यातल्या कित्येकांमागे डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरण्याचीच सवय असते.

भाचीकडे परत येतो. तिची घाई समजण्यासारखी होती. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते, आणि ते इथल्या लायसन्सशी बदलूनही मिळत नाही. टेस्ट द्यावीच लागते. तिचे सात महिने संपले होते. पुन्हा टेस्ट द्यायला कामाचे १० दिवस थांबावं लागतं, आणि तारीख मिळायला त्याच्या कितीतरी पट. तिचं काम घरोघरी जाऊन रुग्णांची ड्रेसिंग करण्याचं. गाडी नाही तर नोकरी नाही. नवरा म्हणाला, सरळ ऑटोमॅटिकवर टेस्ट दे. सल्ला वाईट नव्हता. विजेच्या गाड्यांना क्लचच नसतो, काही वर्षांनी हा लेख पुराणवस्तू होईल. पण ऑटोमॅटिकवर पास झालं की लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं, आणि तिच्या कामावरच्या गाड्या मॅन्युअल होत्या.

मग आम्ही दर रविवारी सकाळी बाहेर पडू लागलो. पहिल्या रविवारी मी तिला एकच गोष्ट करायला लावली. डावा पाय क्लचवरून काढून बाजूला, जमिनीवर ठेवायचा. गाडी चौथ्यात, तीस मैलांवर. लांब लाल दिवा दिसतोय. अॅक्सिलरेटर सोड. थांब. आता ब्रेक, आधी हलका, मग जरा जोराने. डावा पाय हलला! परत. तिला वाटायचं आता गाडी बंद पडणार, आता पडणार. मी स्पीडोमीटर बघत राहायचो. वीस. पंधरा. गाडी अजून शांत. थांबायला गाडीभर अंतर उरलं, इंजिन किंचित गुरगुरायला लागलं, "आता दाब." तेवढाच क्लच. थांबल्यावर हँडब्रेक, न्यूट्रल, दोन्ही पाय मोकळे. थांबायला मधले गिअर एकेक करून उतरायची गरज नाही. चौथ्यातून सरळ थांबता येतं. वळायचं असेल तर ब्रेकने वेग आधी कमी करायचा, मग एकदाच सरळ दुसरा टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा आणि मग स्टीअरिंग फिरवायचं. इथले मास्तर म्हणतात, ब्रेक मंद व्हायला, गिअर पुढे जायला. पंधरा दिवस मी तिला दुसरं काही शिकवलं नाही.

चढावर गाडी क्लचवर तोलून धरायची तिची सवय मोडायला मात्र फार त्रास झाला. आपल्याकडे हाफ क्लचवर गाडी स्थिर धरणं ही कलाच मानतात, आणि ती खरोखर सुंदर धरायची! पण त्या वेळात प्लेट नुसती घासत असते. ती बदलण्याचं बिल एकदा पाहिलं की कलेची हौस फिटते. हँडब्रेक ओढायचा, बाइटिंग पॉइंट आला की बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तेव्हा सोडायचा.

अचानक ब्रेक लावायच्या वेळी काय, हे तिने विचारलं. तिथे विचार करायचा नाही. ब्रेक, पूर्ण जोराने. एबीएस असेल तर पायाखाली धडधड होते. घाबरून पाय काढायचा नाही. क्लच थांबता थांबता दाबला तर उत्तम, राहून गेला आणि इंजिन बंद पडलं तरी बिघडलं काय? तीस मैलांवर थांबायला हायवे कोडप्रमाणे २३ मीटर लागतात; त्यातले ९ नुसते आपल्याला कळेपर्यंत जातात. क्लचची काळजी करण्यात आणखी दोन कशाला घालवायचे?

टेस्टच्या आधीच्या रविवारी मी तिला सटन बँकला नेलं. माझी बायको येणार नाही म्हणाली; चाळीस वर्षांत ती त्या उताराला पुन्हा गेलेली नाही. वरती गाडी थांबवून मी भाचीला १९८६ची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती काही बोलली नाही. तिने दुसरा गिअर टाकला, डावा पाय उचलून बाजूला ठेवला आणि निघाली. इंजिन एकसुरी घुमत होतं. वळणाआधी एकदा ब्रेक, पुन्हा पाय वर. खाली आल्यावर मी उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला. कोमट होतं.

टेस्ट झाली, चार किरकोळ चुका, पास. नोव्हेंबरात ती पुण्याला गेली आणि वडिलांना घेऊन त्यांच्या गाडीतून कात्रजचा घाट उतरली. मला तिथूनच फोन आला. मागून माझे मेहुणे ओरडत होते: "अगं, क्लच दाब, क्लच! गाडी बंद पडेल!"