गळा आमचा, मास्टर तुमचा

1949 साली ‘महल’ प्रदर्शित झाला आणि खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेलं ‘आयेगा आनेवाला’ देशभर वाजू लागलं. त्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ही कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालाने रंगवलेलं पात्र. खरा गळा विशीतल्या लता मंगेशकरांचा. ‘ही गाणारी कोण?’ अशी विचारणा रेडिओकडे होऊ लागली, तेव्हा कुठे ते नाव लोकांसमोर आलं.

तबकडी कंपनीने त्यात वेगळं असं काही केलं नव्हतं, तेव्हाची रीतच तशी होती. गाणं चित्रपटाचं, चित्रपट निर्मात्याचा, तबकडी कंपनीची. गायक येतो, गातो, पाकीट घेतो आणि जातो. त्यानंतरची पंचाहत्तर वर्षं या हिशेबात कलाकाराची जागा कुठे, यावर भांडणं झाली. ती बहुतेक पैशाची म्हणून ओळखली जातात. पण त्यांच्या आड दुसरं एक भांडण चालू होतं: गाणं कसं असावं, किती लांब असावं, कोणी पुन्हा गावं, त्याची मोडतोड कोणी करावी, हे कोण ठरवणार? पैशाची लढाई कलाकारांनी बरीचशी जिंकली. दुसरी लढाई मात्र अजून ज्याच्या त्याच्या करारावरच अडून आहे.

तीन मिनिटांचा राग

सुरुवात शास्त्रीय संगीतापासून करायला हवी, कारण कंपनीची पहिली अट तिथेच सर्वांत जास्त टोचली. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आले आणि गौहर जान यांचं गाणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. गौहर जान यांनी तेवढ्या वेळात राग मांडण्याचं कसब कमावलं आणि शेवटी स्वतःचं नाव उच्चारण्याची प्रथाही रूढ केली. तबकड्या परदेशात छापल्या जात. तिथल्या माणसाला गायिका ओळखू यावी, हा त्यामागचा हेतू.

सगळ्यांना हे पटलं नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांची एकही तबकडी बाजारात आली नाही. गोव्यातल्या केरी गावच्या त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी थोडं ध्वनिमुद्रण केलं, पण त्या माध्यमाबद्दल त्या कायम साशंक राहिल्या. पुढे जास्त वेळाच्या एलपी आल्या, तरी केसरबाई कंपनीच्या स्टुडिओकडे फिरकल्या नाहीत. गंमत अशी की ज्या तीन-साडेतीन मिनिटांच्या चौकटीवर त्यांचा विश्वास नव्हता, त्याच चौकटीतली त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केसरबाईंचं निधन झालं.

या दोन बाजूंच्या मधोमध एक मराठी माणूस उभा होता. जी. एन. जोशी स्वतः भावगीतगायक, आणि नोकरी एचएमव्हीत, म्हणजे ग्रामोफोन कंपनीतच. वर्षानुवर्षं त्यांनी बुजुर्गांच्या मिनतवाऱ्या केल्या, रुसवे काढले, त्यांना मायक्रोफोनसमोर बसवलं. आज आपण जे ऐकतो त्यातलं पुष्कळसं अशा मनधरणीतून वाचलेलं आहे. कंपनी म्हणजे नुसती शोषक, असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळेच. जोखीम तिचीच असते, पैसाही तिचाच. म्हणूनच अटीही तिच्याच असतात.

लताबाईंचा हट्ट

साठच्या दशकात लता मंगेशकरांनी मागणी केली की गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे. संगीतकाराला तबकडीच्या विक्रीतला वाटा मिळत होता, गायकाला मिळायचं ते एकरकमी मानधन. महंमद रफींचं मत उलट होतं: एकदा मोबदला घेतला की गायकाचा हक्क संपला. दोघांचं वाजलं आणि काही वर्षं त्यांची युगुलगीतं बंद पडली. 1967 च्या सुमारास समेट झाला.

राज कपूर यांच्याशीही याच प्रश्नावरून बिनसलं. ‘मेरा नाम जोकर’मध्ये लताबाईंचा आवाज नाही. ‘बॉबी’साठी त्या परतल्या त्या रॉयल्टी मान्य झाल्यावर. हे त्यांना जमलं, कारण त्या नाही म्हणाल्या तर निर्मात्याचं अडत होतं. कोरसमधल्या गायिकेने तोच हट्ट धरला असता तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी राहिली असती. लताबाईंचा विजय खरा होता, पण तो वजनाचा विजय होता. तो नियम झाला नाही.

नियम तर उलटाच झाला. 1969 मध्ये संगीतकार आणि गीतकारांची आयपीआरएस ही संस्था स्थापन झाली आणि सार्वजनिक वादनासाठी शुल्क मागू लागली. चित्रपट निर्मात्यांनी विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च 1977 मध्ये निकाल लागला: पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता, वेगळा करार असेल तरच वेगळं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या टिपणात गायकाला आपल्या कायद्यात जागाच नाही, याबद्दल खंत व्यक्त केली. गायकाला कायद्यात जागा मिळायला 1994 ची दुरुस्ती यावी लागली.

कॅसेट आली, बाजार फुटला

ऐंशीच्या दशकात कॅसेटने एचएमव्हीची सद्दी मोडली. तबकडी काढायला कारखाना लागायचा. कॅसेटची नक्कल एखाद्या खोलीत होई. वाड्यावस्त्यांवर गायली जाणारी, तबकडीच्या कंपन्यांनी फारशी विचारात न घेतलेली गाणी बाजारात आली: लोकगीतं, कव्वाल्या, देवीची गाणी आणि भीमगीतं. मराठवाड्यात याला वेगळं वजन होतं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्यासाठीचा नामांतराचा लढा 1978 पासून पेटलेला होता आणि 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. त्या साऱ्या काळात गाणं हेही चळवळीचं साधन होतं. आजही 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जमणाऱ्या गर्दीत पुस्तकांबरोबर गाण्यांचे स्टॉल लागतात.

पण बाजार मोकळा झाला म्हणून कलाकार मोकळा झाला नाही. छोट्या कंपन्यांचे व्यवहार बहुधा तोंडी असत. शाहिराने शब्द द्यायचे, गायकाने चाल लावून गायचं, आणि एकरकमी रक्कम घेऊन विषय मिटवायचा. एकच गीत दहा गळ्यांतून दहा कॅसेटींवर यायचं आणि मुखपृष्ठावर कवीचं नाव असेलच असं नाही.

मोठ्या बाजारात नियंत्रणाचं रूप वेगळं होतं. कारवारच्या अनुराधा पौडवाल 1990 च्या ‘आशिकी’नंतर यशाच्या शिखरावर होत्या, लागोपाठ तीन वर्षं फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच काळात त्यांनी फक्त टी-सीरिजसाठी गाण्याचा निर्णय घेतला. निर्णय त्यांचाच होता आणि त्यातून भक्तिसंगीताचं मोठं दालन उभं राहिलं. पण आवाज एका कंपनीशी बांधला गेला की इतर संगीतकारांची दारं आपोआप बंद होतात. एखादी चाल आपल्या गळ्याला शोभेल की नाही, हे मग कलाकाराच्या हाती उरत नाही.

2012: पैसा मिळाला, शब्द राहिला

जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेली कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती 21 जून 2012 पासून लागू झाली. गीतकार-संगीतकाराने हक्क कंपनीला लिहून दिले, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. सही केली तरी तो हक्क जात नाही. गायकांनाही व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि 2013 मध्ये त्यांच्या ‘इसरा’ या संस्थेची कॉपीराइट संस्था म्हणून नोंदणी झाली. त्याच 2012 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी, लताबाईंनी ‘एलएम म्युझिक’ ही स्वतःची कंपनी काढली.

मग गाण्याच्या मोडतोडीचं काय? कलम 57 नुसार लेखक-संगीतकाराला, हक्क विकल्यानंतरही, प्रतिष्ठेला बाधा येईल अशा विकृतीला हरकत घेता येते. मन्नू भंडारी यांनी 1986 मध्ये आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध याच कलमाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. 2012 मध्ये गायक-वादकांनाही असा हक्क मिळाला, कलम 38 ब. पण त्याला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे: संपादनासाठी किंवा ध्वनिमुद्रण मर्यादित वेळेत बसवण्यासाठी काही भाग वगळला, तर त्याने प्रतिष्ठेला बाधा आली असं मानायचं नाही. केसरबाईंचा जो मूळ आक्षेप, तो कायद्याने आधीच निकाली काढून ठेवला आहे.

एप्रिल 2020 मध्ये ‘मसकली 2.0’ आलं, तेव्हा पैसा आणि शब्द यांतला हा फरक उघड दिसला. ए. आर. रहमान यांचं मूळ गाणं 2009 च्या ‘दिल्ली-6’मधलं. नवी आवृत्ती टी-सीरिजची आणि मूळ संगीतही टी-सीरिजकडेच. रहमान, गीतकार प्रसून जोशी आणि गायक मोहित चौहान या तिघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. रहमान यांनी तर मूळ गाणं ऐका, असं सुचवलं. त्यापलीकडे काही झालं नाही. रॉयल्टी बुडाली का, हा प्रश्नच नव्हता. विचारलं का नाही, एवढाच प्रश्न होता, आणि विचारायला बांधील कोणी नव्हतं.

अजय-अतुल यांनी दुसरी वाट धरली. ‘जत्रा’मधली ‘कोंबडी पळाली’ 2012 च्या ‘अग्निपथ’मध्ये हिंदीत गेली, ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ 2018 च्या ‘धडक’मध्ये, दोन्ही वेळा नवं रूप त्यांनीच केलं. ते रूप कोणाला आवडलं, कोणाला नाही. पण बदल करणारा हात मूळ संगीतकाराचाच होता.

बाहेरच्या जगातही वाद याच वळणाने गेले. जॉर्ज मायकल 1994 मध्ये सोनीविरुद्धचा खटला लंडनमध्ये हरला. प्रिन्सने वॉर्नरशी भांडताना गालावर ‘गुलाम’ या अर्थाचा शब्द लिहून कार्यक्रम केले. टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर 2019 मध्ये तिच्या इच्छेविरुद्ध विकले गेले. तिने 2021 पासून त्यातले चार अल्बम एकेक करून नव्याने गाऊन प्रसिद्ध केले आणि मे 2025 मध्ये सगळे मूळ मास्टरही विकत घेतले. ज्याच्याकडे मास्टर, त्याचा शब्द शेवटचा. मास्टर म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण. त्याचा मालक ठरतो तो बहुधा स्टुडिओचं बिल भरणारा.

मोबाइलच्या काळातलं संभाजीनगर

आज ते बिल परवडण्याजोगं झालं आहे. संभाजीनगरात एका खोलीत ध्वनिरोधक पत्रे ठोकून, संगणक आणि माइक मांडून स्टुडिओ उभे राहतात. जयंती, गणपती, लग्नसराई यांच्या आधी तिथे रांग लागते. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात याच शहरातल्या. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, मोबाइलवर चित्रित झालेल्या गाण्यांतून त्या घराघरांत पोचल्या. रॅपर राज मुंगासे हाही इथलाच. त्याच्या राजकीय रॅपवरून एप्रिल 2023 मध्ये अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. कंपनी नाही म्हणजे कोणाचंच बंधन नाही, असं नसतं.

यूट्यूबचीही स्वतःची व्यवस्था आहे. तिथलं यंत्र ध्वनी ओळखतं आणि ज्याने तो ध्वनी आधी नोंदवला, त्याला मालक समजतं. समजा, गायकाने स्वतःचं गाणं शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर एखाद्या वाहिनीला लिहून दिलं, आणि दोन वर्षांनी तेच ध्वनिमुद्रण स्वतःच्या वाहिनीवर टाकलं. दावा त्याच्यावरच येतो, जाहिरातीचा पैसा तिकडे वळतो.

म्हणून चार गोष्टी पाठ असाव्यात. हक्क हस्तांतर लेखी आणि सही केलेलं नसेल तर कायदा ते मानत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. उद्या निघणाऱ्या एखाद्या नव्या माध्यमाचा हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, आज दिला असं ठरत नाही. ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द करारात असतात ते याचसाठी. आणि नोंदणी सक्तीची नसली तरी पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्द किंवा चालीसाठी शुल्क 500 रुपये, ध्वनिमुद्रणासाठी 2000.

यात पाचवी गोष्ट कायद्यात सापडणार नाही, ती मागूनच घ्यावी लागते: रिमिक्स, नवी आवृत्ती किंवा जाहिरातीतला वापर माझ्या लेखी संमतीशिवाय होणार नाही, अशी एक ओळ. कंपनी ती सहजी देणार नाही. कदाचित मानधन कमी करेल, कदाचित दुसरा गायक शोधेल. पण रॉयल्टी नंतर भांडून मिळवता येते; नकाराचा अधिकार सही करण्याआधीच मागावा लागतो. केसरबाईंनी तो वापरला, लताबाईंनीही वापरला. दोघींनीही त्यासाठी आधी काही काम गमावायची तयारी ठेवली होती.