लोगस्सची लय आणि गोदाकाठची गाथा

मोंढ्यात धान्याच्या गाड्या लागण्यापूर्वी, दुकानाच्या किल्ल्या अजून खुंटीवर असतानाच, जालन्यातील अनेक जैन घरांत सामायिक सुरू होते. आसन, मुहपत्ती, माळ आणि ४८ मिनिटे. त्यात लोगस्स येतो. वडीलधारी मंडळी तो ज्या वेगाने म्हणतात त्या वेगात शब्द सुटे ऐकू येत नाहीत. सात पद्ये एकाच दोऱ्यात ओवल्यासारखी निघून जातात. शेजारी बसलेल्या नातवालाही ती दोन-चार महिन्यांत पाठ होतात. मग तो शाळेत जातो. तेथे मराठीच्या तासाला वृत्ते असतात, गण असतात, लघु-गुरूंच्या खुणा असतात. सकाळी म्हटलेले आणि दुपारी शिकलेले यांची गाठ मात्र पडत नाही.

ती पडावी असे त्यात पुष्कळ आहे. लोगस्सची सातही पद्ये एका छंदात नाहीत. पहिले पद्य श्लोकाच्या, म्हणजे अनुष्टुभाच्या घडणीचे; पुढील सहा ‘गाहा’ छंदात. संस्कृतात त्यालाच आर्या म्हणतात. या छंदात अक्षरे नव्हे, मात्रा मोजतात. लघूची एक, गुरूच्या दोन. पहिल्या अर्धात ३० मात्रा, दुसऱ्यात २७. व्यापाऱ्याच्या घरातील मूल हा हिशेब पाहून लगेच विचारील की तीन मात्रा गेल्या कुठे? उत्तर असे की दुसऱ्या अर्धातील सहावा गण चार मात्रांचा नसून अवघ्या एका लघूचा असतो. तेथे लय किंचित अडते आणि मग विसावते. हे एकदा कानाला कळले की रोजचाच लोगस्स निराळा ऐकू येतो.

हाच साचा गोदावरीच्या काठी दुसऱ्याच कामासाठी वापरात होता. जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखली आहे, आणि त्याच नदीवर वरच्या अंगाला पैठण, सातवाहनांचे प्रतिष्ठान, आहे. तेथील राजा हाल याच्या नावावर ‘गाहासत्तसई’ हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह आहे. आपण त्याला गाथासप्तशती म्हणतो. मूळ संग्रह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील मानतात, पुढे त्यात भर पडत गेली. नाव सातशेचे असले तरी निरनिराळ्या पोथ्यांतील गाथा एकत्र केल्या तर त्या ९६४ भरतात, आणि सर्व पोथ्यांत समान अशा साधारण ४३०च निघतात.

या गाथांत देव फारसे नाहीत, राजेही नाहीत. पावसाने वाट अडलेला वाटसरू आहे, पाटलाची मुलगी आहे, पिकाची राखण करणारी शेतकरीण आहे, परदेशी गेलेल्या नवऱ्याचे दिवस मोजणारी बायको आहे. गोदावरी येथे ‘गोला’ या नावाने येते. पुष्कळ गाथांत बोलणारी स्त्री आहे, आणि टीकाकारांनी नोंदविलेल्या कवींच्या नावांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी स्त्रियांची नावेही आहेत. दोन ओळींत जेवढे सांगितले जाते त्याहून अधिक मागे ठेवले जाते. म्हणूनच पुढे काव्यशास्त्रकारांनी ध्वनीची उदाहरणे शोधताना वारंवार या संग्रहाकडे धाव घेतली.

मराठी वाचकाला येथे आणखी एक सुख मिळते. चिक्खिल्ल म्हणजे चिखल, तुप्प म्हणजे तूप, पोट्ट म्हणजे पोट, सुण्हा म्हणजे सून, दिअर म्हणजे दीर. दोन हजार वर्षांपूर्वीचे स्वयंपाकघर आणि अंगण ओळखीचे निघते. यांतील काही शब्दांना संस्कृतात मूळ सापडत नाही. असे ‘देशी’ शब्द जपून ठेवणारा कोश, ‘देशीनाममाला’, आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात रचला, ही गोष्ट जैन घरांत तरी ठाऊक असायला हवी.

ती ठाऊक नसते, कारण प्राकृताचे आपल्याकडे दोन तुकडे झाले आहेत. जैन कुटुंबांना प्राकृत म्हणजे केवळ सूत्रांची भाषा वाटते, ती म्हणायची आणि तिला नमस्कार करायचा. इतर मराठी घरांना ती विद्यापीठातील एक अवघड विषय वाटते. दोन्हीकडे कविता हरवते. वास्तविक आगमांची अर्धमागधी आणि सप्तशतीची महाराष्ट्री या बहिणी आहेत, आणि जैन कथा-टीकांतील प्राकृत तर महाराष्ट्रीच्या इतके जवळचे आहे की जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांनी त्याला ‘जैन महाराष्ट्री’ असेच नाव दिले. विमलसूरींचे ‘पउमचरिय’, म्हणजे जैन रामकथा, याच भाषेत आहे.

प्रतिष्ठानाशी जैन परंपरेचे नाते जुने आहे. कालकाचार्यांनी येथील सातवाहन राजाच्या विनंतीवरून पर्युषणाचे पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीवरून चतुर्थीला आणले, कारण पंचमीला नगरात इंद्रोत्सव होता, अशी कथा निशीथचूर्णीत आहे. चतुर्थी की पंचमी हा वाद दरवर्षी ऐकणाऱ्या घरांना त्याचे मूळ आपल्याच नदीकाठी आहे याची कल्पना क्वचितच असते. पादलिप्तसूरींची ‘तरंगवती’ ही प्राकृत कादंबरीही परंपरेने सातवाहनांच्या सभेशी जोडली आहे. मूळ ग्रंथ हरवला, संक्षेप तेवढा उरला. त्याचे जर्मन भाषांतर एर्न्स्ट लॉयमान यांनी १९२१ साली ‘साध्वी’ या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केले, आणि गुजराती वाचकांना ही कथा त्या जर्मनवरून मिळाली! आपलाच माल परदेशी जाऊन परत आला, असे म्हणावे लागते.

असा प्रवास या एकाच ग्रंथाचा नाही. बर्लिनचे आल्ब्रेख्ट वेबर यांनी हालाच्या गाथांवर १८७० साली पहिला अभ्यास छापला आणि १८८१ साली संपूर्ण आवृत्ती काढली. याकोबी १८७३-७४ च्या हिवाळ्यात राजस्थानात हिंडले, जैसलमेरचे ज्ञानभांडार त्यांनी पाहिले, आणि १८७६ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ‘भक्तामर’ व ‘कल्याणमंदिर’ या दोन स्तोत्रांची संहिता जर्मन भाषांतरासह प्रसिद्ध केली. श्रद्धा नसलेल्या माणसाने स्तोत्र वाचावे का, असा प्रश्न एखाद्याला पडेल. पण याकोबींनी ते कविता म्हणून वाचले, वृत्त तपासले, पाठभेद लावले. भक्तिभावाने म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी एवढे कष्ट घेतले आहेत?

भक्तामर हे शिकविण्याच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे. श्वेतांबर मूर्तिपूजक ४४ पद्ये मानतात, दिगंबर ४८. वृत्त सर्वत्र वसंततिलका. त, भ, ज, ज आणि दोन गुरू, चरणात १४ अक्षरे. हेच वृत्त शाळेच्या मराठी व्याकरणात असते. पाठशाळेत एक फळा असावा, त्यावर भक्तामराचा एक चरण लिहावा, मुलांनी खुणा कराव्यात, आणि मग त्यांच्याच पाठ्यपुस्तकातील वसंततिलकेतील एखादे मराठी पद्य त्याच चालीवर म्हणावे. अर्ध्या तासाचे काम आहे. नंतर भुजंगप्रयात घ्यावे, चार वेळा ‘य’, बारा अक्षरे. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक या वृत्तात आहेत. रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला, आणि जांब याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. शेजारच्याचे काव्य आपल्या स्तोत्राच्या मापाने मोजता येते, हे कळल्यावर मुलाला दोन्ही आपली वाटतात.

उर्दूचेही तसेच. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, शाळा-कचेरीत उर्दू होती, आणि जुन्या पिढीतील पुष्कळ व्यापाऱ्यांच्या तोंडी शेर सहज येत. उर्दू गझलेच्या आरंभीच्या थोर कवींपैकी वली आणि सिराज हे दोघेही औरंगाबादचे म्हणून ओळखले जातात. ही लय मराठीत शास्त्रशुद्ध रीतीने आणली ती माधव जूलियन यांनी. ते फारसीचे प्राध्यापक होते. ‘गज्जलांजलि’ त्यांचीच, आणि मराठी छंदांचा आजही आधारभूत मानला जाणारा ‘छंदोरचना’ हा ग्रंथही त्यांचाच. परक्या परंपरेचा अभ्यास केलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेचे छंद अधिक नीट दिसले, यात नवल नाही.

तरीही एक अडचण खरी आहे. सप्तशतीत शृंगार आहे, तोही मोकळा. वैराग्याची शिकवण देणाऱ्या घरात तो वाचावा का? याला कोरडे उत्तर देण्यात अर्थ नाही. जयवल्लभ या श्वेतांबर मुनींनी ‘वज्जालग्ग’ नावाचा प्राकृत सुभाषितांचा संग्रह केला, त्यात सज्जन, दुर्जन, दारिद्र्य, सेवक यांच्या जोडीला प्रेमाच्या गाथाही विषयवार लावल्या आहेत. अडाण्यांच्या हाती पडलेल्या गाथेच्या दुःखावरही एक गाथा आहे. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. तिच्या आरंभी पादलिप्त आणि सातवाहन यांचा गौरव आहे, आणि पुढे बाजारपेठेच्या वर्णनात देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात. त्यांत महाराष्ट्राचा व्यापारी आहे, काटक, सावळा, अभिमानी आणि भांडखोर. त्याच्या तोंडी ‘दिले’, ‘घेतले’ या अर्थाची, शेवटी आजच्यासारखाच ‘ल’ असलेली रूपे आहेत. मराठीच्या अभ्यासकांना हा उल्लेख फार मोलाचा वाटतो. मारवाडातील एका साधूने पेठेत कान देऊन तो टिपला.

आणि बनारसीदास. श्रीमाळ कुळातील हे जैन व्यापारी १५८६ साली जौनपूरला जन्मले; १६४१ मध्ये आग्र्यात त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले. तरुणपणी रचलेला शृंगाराचा ग्रंथ त्यांनी स्वतःच्या हाताने गोमतीत सोडून दिला. पण पुढे आग्र्यात धंदा बुडाला, खिसा रिकामा झाला, तेव्हा रात्री ते ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवू लागले. ही दोन्ही सूफी कवींची प्रेमाख्याने. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून उधारीवर कचोरी घेऊन पोट भरत. आपल्याजवळ काही नाही, हे त्यांनी त्याला एके दिवशी स्पष्ट सांगितले, तेव्हा त्याने खुशाल खा म्हटले. असे कित्येक महिने चालले. पुढे पैसे हाती आल्यावर ती उधारी त्यांनी चुकती केली.

पैठणला मुनिसुव्रतनाथांचे दिगंबर अतिशय क्षेत्र आहे, आणि जालन्याहून अनेक कुटुंबे दर्शनाला जातात. दर्शन होते, भोजन होते, मुले परतीच्या गाडीची वाट पाहत बसतात. स. आ. जोगळेकर यांचे ‘हाल सातवाहनाची गाथासप्तशती’ हे १९५६ चे पुस्तक मराठी अर्थासह आहे, आणि त्यातील पावसाच्या, शेताच्या, सासू-सुनेच्या गाथा वेचून काढणे कोणाही शिक्षकाला जमण्यासारखे आहे. घाटावर बसून त्यांतील दोन-चार वाचाव्यात, मात्रा बोटांवर मोजाव्यात, ३० आणि २७. आणि मग आजींना लोगस्स थोडा सावकाश म्हणायला सांगावे.