नवाचा सात, सहाचा आठ

पावसाळा तोंडावर आला की बदलापूरच्या हाउसिंग सोसायट्यांत कागदपत्रांचा विषय हमखास निघतो. २६ जुलै २००५ला उल्हास नदीनं काय केलं ते जुन्या रहिवाशांना आठवतं. २०१९च्या जुलैत तर बदलापूर-वांगणीदरम्यान अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. तेव्हा तळमजल्यावरच्या ऑफिसातल्या फायलींची काळजी वाटणं रास्तच. मग कमिटीतला एखादा तरुण सभासद ‘सगळं स्कॅन करून टाकू’ म्हणतो, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: स्कॅन झाल्यावर मूळ कागद रद्दीत घातले तर चालतील का?

नाही चालणार. का, ते सांगायला आधी जर्मनीत जावं लागेल आणि तिथून थेट अंबरनाथला यावं लागेल.

२०१३ साली एका जर्मन कंपनीनं इमारतीचा नकाशा झेरॉक्सच्या ‘वर्कसेंटर’ यंत्रावर स्कॅन केला. नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं लिहिली होती: १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये मात्र तिन्ही खोल्या १४.१३च्या निघाल्या. एक खोली शेजारच्या खोलीपेक्षा उघड मोठी दिसते, आकडा मात्र तोच! संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी याचा छडा लावला. फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र पानावरची सारखी दिसणारी अक्षरं हुडकायचं, त्यातलं एकच चित्र जपून ठेवायचं आणि बाकी ठिकाणी त्याचाच शिक्का मारायचं. छपाई बारीक असली की सहा आणि आठ त्याला सारखेच वाटायचे, आणि मग सहाचा आठ. हा अक्षरओळखीचा, म्हणजे ओसीआरचा घोळ नव्हता. ओसीआर बंद असतानाही हे घडत होतं. कंपनीला शेवटी सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं.

मला यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते ती ही, की चुकलेला आकडा अगदी स्वच्छ, ठळक दिसत होता. जुनी झेरॉक्स प्रत फिकट यायची आणि आपण मूळ कागद मागायचो. हे यंत्र शंकेला जागाच ठेवत नव्हतं.

आता अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिराच्या उत्तरेकडच्या दारावर, तुळईच्या दगडाच्या आतल्या अंगाला एक शिलालेख आहे. शिल्पं बघायला येणाऱ्यांचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. मुंबईचे विख्यात डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी तो वाचून त्यातला शक ७८२ असा लावला, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा वाचला तेव्हा आकडा निघाला ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकानं मंदिराचं वय दोनशे वर्षांनी हललं. आज आपण ताळाही करून पाहू शकतो. लेखात शिलाहार राजा माम्वाणीचं नाव आहे आणि त्याचा भाऊ छित्तराज याचा भांडुपला सापडलेला ताम्रपट शके ९४८चा आहे. एक भाऊ ९४८मध्ये राज्य करतो आणि दुसरा ७८२मध्ये, हे कसं जमणार? एक दस्तऐवज दुसऱ्याशी जोडला गेला की चूक आपोआप उघडी पडते. दस्तऐवज व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरं विकणारे ज्याला मोठ्या ऐटीत ‘लिंक्ड रेकॉर्ड्स’ म्हणतात, ते हेच.

भगवानलालांबद्दल थोडं विषयांतर करतोच, कारण त्यांची आठवण क्वचित निघते. १८३९ साली जुनागढला जन्मलेला हा माणूस गिरनारच्या पायथ्याच्या शिलालेखावरून ब्राह्मी शिकला, तीही या लिपीचा उलगडा करणाऱ्या प्रिन्सेपचा अक्षरतक्ता मिळवून स्वतःच्या जोरावर. भाऊ दाजींनी त्यांना मुंबईला आणलं. लेण्यालेण्यांत हिंडून लेखांच्या काटेकोर नकला करायच्या, हे त्यांचं काम. त्यांवर आधारलेले निबंध बहुतेक भाऊ दाजींच्या नावानं निघत. १८७४मध्ये भाऊ दाजी गेल्यावर ते स्वतःच्या नावानं लिहू लागले, तेही गुजरातीत. इंग्रजी भाषांतर ब्यूलरसारखे विद्वान करत. लायडन विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. मुंबईत मात्र भाऊ दाजींच्या नावाचं मोठं संग्रहालय आहे आणि भगवानलालांचं नाव अभ्यासकांच्या तळटीपांत. भाऊ दाजींचं मोठेपण यानं कमी होत नाही. पण मूळ दगडासमोर पुन्हा जाऊन बसणारा माणूस नसता, तर ८६०च पाठ्यपुस्तकांत गेलं असतं. आणि दगड फोडून खडी केली असती, तर पुन्हा बसणार तरी कशासमोर?

पण नुसता मूळ कागद जपूनही भागत नाही, तो सापडावाही लागतो. इथे आपल्या नोंदणी खात्याचं कौतुक करायला हवं. उल्हासनगर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला फ्लॅटचा करारनामा घरात असेल तर काढून बघा. प्रत्येक पानावर एक चौकट छापलेली असते: वर ‘उहन’ आणि कार्यालयाचा अंक, खाली दस्त क्रमांक आणि वर्ष, त्याखाली एकूण पानांपैकी हे कितवं. म्हणजे सुटं पान रस्त्यावर सापडलं तरी ते कुठल्या दस्ताचं, आणि मधलं पान गहाळ झालंय का, दोन्ही कळतं. सोबतचा ‘इंडेक्स टू’ तर काय, लिहून देणारा, घेणारा, मोबदला, क्षेत्रफळ, तारीख, सगळं एका पानात. संगणकवाले याला मेटाडेटा म्हणतात. सोसायटीच्या स्कॅनमध्ये ‘IMG’ आणि पुढे आठ आकडे अशा नावाच्या चारशे फायली पडून असतात, त्यात हे काहीच नसतं. ते स्कॅनिंग झालं. दस्तऐवज व्यवस्थापन नव्हे.

आवृत्त्यांचंही तसंच. कुणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला याचा माग ठेवायचा आणि जुनं पुसायचं नाही, हे तत्त्व महसूल खातं फार आधीपासून पाळत आलंय. सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक येतो आणि त्या क्रमांकाची कहाणी गाव नमुना सहामध्ये सापडते. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना चुका झाल्या, तेव्हा २०१७मध्ये गावोगाव ‘चावडी वाचन’ झालं. संगणकावरचा उतारा मोठ्यानं वाचायचा, खातेदारांनी कान देऊन ऐकायचा, चूक असेल तर तिथेच सांगायची. त्रुटीशोधाची याहून स्वस्त आणि चोख पद्धत मला माहीत नाही. ज्याची जमीन जाणार असते, तो गट क्रमांक ऐकताना डुलक्या काढत नाही.

आता सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो. ही स्वाक्षरी म्हणजे सहीचा फोटो नव्हे. फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं एक ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. प्रचलित एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरी असतो. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. स्वाक्षरी या ठशाला बांधलेली असते. म्हणून फाइल बदलली की चोरी पकडली जाते. पण प्रिंट काढलीत की स्वाक्षरी फाइलमध्येच राहते आणि हाती उरतो तो कागद. तो खरा की खोटा हे पडताळणी क्रमांक टाकून संकेतस्थळावरच बघावं लागतं. शिवाय हॅश फक्त ‘बदल झाला नाही’ एवढंच सांगतो. मुळातच सहाचा आठ झालेला असेल, तर तो त्या आठाचीही तितक्याच निष्ठेनं राखण करील.

पुढच्या पिढीला फाइल उघडेल का, ही आणखी एक डोकेदुखी, आणि मराठी कचेऱ्यांना ती नवी नाही. नव्वदच्या दशकात श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टांत टाइप केलेली पत्रं आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. पीडीएफ-ए नावाचं २००५चं आंतरराष्ट्रीय प्रमाण यासाठीच आहे: फॉन्टसकट सगळं फाइलच्या पोटात. जपून ठेवायच्या फायली याच प्रकारात साठवाव्यात.

एआयचं काय? कुणबी नोंदींच्या शोधाच्या निमित्तानं मोडी दप्तरं चर्चेत आली आणि २०२५मध्ये आयआयटी रुरकीच्या गटानं मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली जाहीर केली. काम मोलाचं आहे. पण तिच्या शिकवणीला २,०४३ प्रतिमांचा संच होता, आणि महाराष्ट्रातल्या मोडी कागदांचा ढीग कोटींत मोजला जातो. प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. ‘आता मोडी वाचायला माणूस नको’ अशा मथळ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. यंत्रानं लावलेलं वाचन जातीच्या दाखल्याला किंवा वारसाहक्काला जोडायचं, तर शेजारी मूळ पानाची प्रतिमा हवी आणि कुणी तपासलं त्याचं नावही.

सोसायटीसाठी एवढंच. नोंदणीकृत करारनामे, कन्व्हेयन्स, शेअर सर्टिफिकेटांची नोंदवही, नामनिर्देशनं ही मूळ स्वरूपातच ठेवा, स्कॅन केली तरीही. आकड्यांची पानं निदान ३०० डीपीआयनं, अक्षरं अदलाबदल करणारं कॉम्प्रेशन बंद ठेवून स्कॅन करा, आणि दोघांनी बसून ती मुळाशी ताडून बघा, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. मृत्युपत्राच्या बाबतीत तर पर्यायच नाही. २०००चा माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागूच होत नाही, तेव्हा ते डिजिटल करून चालत नाही. ते कागदावरच, सहीनिशी, दोन साक्षीदारांसह हवं.