बोली लावली, पण पैसे?

आमच्या मलकापुरात लिलावाला ‘हर्रास’ म्हणतात. दसरा उलटला की बाजार समितीच्या आवारात सोयाबीन, मका यांचे ढीग पडतात आणि त्या ढिगांभोवती कोंडाळे करून हर्रास चालतो. मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दांची पाळेमुळे उकरण्याची खोड मला आहे. ‘हर्रास’ हा अरबी ‘हराज’चा वंशज, तर ‘लिलाव’ पोर्तुगिजांच्या गलबतातून आलेला. दोन्ही शब्द परके! पण त्या व्यवहाराचा जो प्राण, ती ‘बोली’ मात्र अस्सल आपली. भाषेलाही बोली म्हणायचे आणि देऊ केलेल्या किमतीलाही बोली म्हणायचे, यात मला फार अर्थ दिसे. तोंडातून शब्द गेला म्हणजे खिशातून पैसा गेलाच, असे जणू मराठीने गृहीतच धरले आहे.

माझा हा भाबडा समज गेल्या चैत्रात उतरला.

झाले असे. वडिलांच्या मागे घरात ४२ तबकड्या राहिल्या होत्या. लाखेच्या, जड, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, जी. एन. जोशी, गजानन वाटवे. फोनोची कमान केव्हाच तुटली होती आणि पेटी माळ्यावर धूळ खात होती. घराची गच्ची गळत होती. तेव्हा ‘ज्याला कदर आहे त्याच्या घरी जाऊ द्या,’ असा शहाणपणाचा विचार मी मांडला. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः पेटी खाली उतरवून घेतली, एकेक तबकडी जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसली आणि एक बाजूला काढून म्हणाली, “ही नाही. बाकीच्या ने.”

उरलेल्या ४१ मी संग्राहकांच्या एका संकेतस्थळावर लिलावाला लावल्या. मुदत सात दिवसांची. पहिले पाच दिवस बोली मुंगीच्या पावलाने चढत होती. मग रविवारी रात्री, शेवटच्या अर्ध्या तासात, दोघांची अशी काही जुंपली की आम्ही सारे जेवणाची ताटे घेऊन संगणकासमोर बसलो. सात हजार दोनशेवर तिसरा गडी गळाला. उरलेल्या दोघांनी चढाओढीने आकडा चौदा हजारांवर नेला. घड्याळात दहा वाजले, आणि चौदा हजारवाला जिंकला. सौ.ने मनातल्या मनात गच्चीवर डांबर घालूनही टाकले.

जिंकणाऱ्याचा निरोप लगेच आला : “उद्या पैसे पाठवतो.” दुसऱ्या दिवशी बँकेचे यंत्र बंद होते. चौथ्या दिवशी गृहस्थ परगावी होते. आठव्या दिवशी उत्तरच आले नाही. दहाव्या दिवशी त्यांचे खातेच संकेतस्थळावरून नाहीसे झाले. तबकड्या मात्र गोधडीत गुंडाळून, खोक्यात बंद होऊन, दाराशी प्रवासाला निघालेल्या पाहुण्यासारख्या बसून होत्या.

हे दुःख मी बाजारातल्या एका वयस्क अडत्यापाशी उगाळले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “सर, आमी मालाच्या अगोदर मानूस पायतो. बोली लावणारा कोन, त्याची जिनिंग कुठं, मागच्या सालचा हिशेब झाला का नाई, हे सारं मले तोंडपाठ. तुमी कोनाले पायलं?”

मी कोणालाच पाहिले नव्हते. एक टोपणनाव पाहिले होते.

अडत्याच्या बोलण्यात लिलावाचे सगळे शास्त्र आले. शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये तो उभा असतो तो नुसती अडत खायला नव्हे. खरेदीदाराने हात वर केले तर शेतकरी त्याच्याच दुकानाच्या पायरीवर येऊन बसणार, हे त्याला ठाऊक असते. आणि तरीही फसवणूक होतच होती, म्हणून तर वऱ्हाडात बाजाराला कायदा आला. कारंज्याचा कापूसबाजार १८८६ साली नियंत्रणाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता हे खरे, पण त्या निमित्ताने आमच्या शेतकऱ्याच्या वजनाकाट्याची कोणी तरी दखल घेतली. शेजारच्या मध्य प्रदेशाने तर १९७२च्या मंडी कायद्यात चोख तरतूद केली : मालाचे पैसे त्याच दिवशी द्यायचे, न दिल्यास पाच दिवसांपर्यंत दररोज एक टक्का जादा, तरीही न दिल्यास सहाव्या दिवशी परवाना रद्द. माझ्या चौदा हजारवाल्याकडे रद्द करण्याजोगा परवानाच नव्हता!

अर्थात, न देणारे काही सगळेच लबाड नसतात. ९ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत दाऊद इब्राहिमच्या जप्त मालमत्तेचा सरकारी लिलाव झाला. पाकमोडिया स्ट्रीटवरच्या हॉटेलच्या जागेवर एका ज्येष्ठ पत्रकाराने ४ कोटी २८ लाखांची बोली लावली. जिथे दहशतीचा दरबार भरत होता तिथे मुलांना संगणक शिकवायचा, असा त्यांचा बेत. देशभर वाहवा झाली. पण वाहवेने कोटी जमत नाहीत. मुदतीत पैसे उभे राहिले नाहीत आणि ३० लाखांची अनामत गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच जागेचा पुन्हा लिलाव झाला आणि ती ४ कोटी ५३ लाखांना सैफी बुऱ्हाणी ट्रस्टकडे गेली. सरकारचे नुकसान झाले नाही, कारण सरकारने अनामत आधी घेतली होती. धाडसाला दाद द्यावी, पण अनामतही घ्यावी!

उलट पॅरिसमध्ये २००९ साली जे घडले ते ठरवून. पेइचिंगच्या जुन्या उन्हाळी राजवाड्यातून १८६० साली लुटून नेलेली उंदराची आणि सशाची अशी दोन ब्राँझची मुंडकी क्रिस्टीजने लिलावात काढली. एका चिनी संग्राहकाने दूरध्वनीवरून बोली लावून ती जिंकली. प्रत्येकी सुमारे १ कोटी ५७ लाख युरोंना. आणि मग जाहीर केले की मी पैसे देणार नाही, चोरीच्या मालाला किंमत कसली? त्याच्या देशात अनेकांनी त्याला वीर ठरवले. पुढे २०१३ साली फ्रान्सच्या पिनो कुटुंबाने ती मुंडकी चीनला परत केली. मला त्या माणसाचा राग येत नाही. पण माझ्या तबकड्या काही आम्ही कोणाच्या राजवाड्यातून आणल्या नव्हत्या.

वकिली करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला कायदा समजावला. १९३०च्या मालविक्री कायद्याच्या ६४व्या कलमाप्रमाणे हातोडा पडला की सौदा पुरा. तोवरच बोली मागे घेता येते. खरेदीदाराने पैसे न दिल्यास ५४व्या कलमाखाली त्याला नोटीस देऊन, वाजवी वेळ देऊन, माल दुसऱ्याला विकावा आणि तोटा आला तर तो त्याच्याकडून मागावा. न्यायालयामार्फत घराचा लिलाव झाला तर नियम याहून कडक : चतुर्थांश रक्कम जागच्या जागी, उरलेली पंधराव्या दिवसाच्या आत, चुकला तर फेरलिलाव, आणि त्यात आलेली तूट पहिल्याच्या डोक्यावर. “पण सर,” तो म्हणाला, “चौदा हजारांसाठी टोपणनावावर दावा लावायचा, तर समन्स कोणत्या पत्त्यावर पाठवू?”

तेव्हा दुसऱ्या बोलीदाराकडे वळणे आले. हे गृहस्थ नाशिककडचे, निवृत्त. त्यांची शेवटची बोली होती साडेतेरा हजारांची. मी सभ्यपणे लिहिले की पहिल्यांनी पैसे दिले नाहीत, आपणांस हव्या असल्यास आपल्याच बोलीला घ्याव्यात. उत्तर दोन ओळींचे आले : “क्षमा करा, पण पहिले गृहस्थ आपलेच कोणी नव्हते ना? भाव चढवायला?”

इतकी वर्षे वर्गात खडू झिजवला; पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. दिवसभर चरफडलो. संध्याकाळी राग निवळल्यावर वाटले, त्यांचे काय चुकले? विकणाराच आपला माणूस बसवून खोटी बोली लावतो, ही युक्ती इतकी जुनी की त्याच ६४व्या कलमात तिची सोय आहे. असे केल्यास घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. त्यांनी मला तरी कुठे पाहिले होते? त्यांच्या दृष्टीने मीही एक टोपणनावच.

आणि मग एक साधे गणित डोक्यात आले. खोटा बोलीदार नसता, तर तिसऱ्याच्या सात हजार दोनशेनंतर नाशिककरांनी एक पायरी चढून साडेसात हजारांना पेटी नेली असती. सात हजारांपासून साडेतेरापर्यंतचा सगळा चढ एका पोकळ शब्दाने रचलेला होता. तो भाव मी मागावा की नाही? सौ. म्हणाली, “त्यांनी स्वतः बोललेला आकडा आहे, तुम्ही काही त्यांचा हात धरून लिहून घेतला नाही.” युक्तिवाद बिनतोड होता. कायदाही बहुधा तिच्याच बाजूने बोलला असता. आईला विचारले, तर ती म्हणाली, “मला यातलं कळत नाही. पण उद्या ते तबकडी लावतील तेव्हा तुला शिव्या देत ऐकू नयेत.”

मी साडेसात हजार लिहिले, आणि का लिहिले तेही लिहिले. सौ. दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरते बोलली. गच्चीचे अर्धेच काम झाले, हे कबूल करतो. उरलेली अर्धी या पावसाळ्यातही गळली.

माझ्यासारख्या नवशिक्या विक्रेत्यांसाठी अनुभवाचे चार शब्द. जमेल तिथे बोली लावणाऱ्याकडून आधीच थोडी अनामत घ्या. पैसे देण्याची मुदत लिलावाच्या मजकुरातच लिहा. रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली स्वतः पाहिल्याखेरीज माल हलवू नका. ‘पाठवले’ म्हणून येणारे चित्र म्हणजे पैसे नव्हेत. आणि पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगतो तो खरेदीदार नव्हे, दरोडेखोर. अशी फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. मालविक्री कायद्याचे साल आणि हा क्रमांक एकच निघावा, हा योगायोग मला तरी गमतीचा वाटला.

नाशिककरांचे पैसे त्याच रात्री आले. पेटी कुरिअरने गेली. आठवड्याने त्यांचा फोन आला : एकही तबकडी फुटली नाही, आणि त्यांनी फोन तसाच चालू ठेवून पलीकडे एक लावली. आईने फोन कानाशी धरला. तीन मिनिटे ती हलली नाही. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली,

“त्या पहिल्या माणसाकडे फोनो तरी होता का रे?”