टोनर ट्रान्सफर पद्धतीने मुद्रित परिपथ फलकाची निर्मिती : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
इलेक्ट्रॉनिक्सच्या अध्यापनात परिपथाची आकृती फळ्यावर काढणे सोपे असते. तोच परिपथ फलकावर उतरविणे हे खरे शिक्षण होय. मुद्रित परिपथ फलक म्हणजेच पीसीबी तयार करण्याचा व्यवसाय प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटलेला आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील विद्यार्थ्याला एकच फलक हवा असल्यास वेळ व खर्च दोन्ही परवडत नाहीत आणि तयार प्रकल्प विकत घेण्याचा मोह होतो. यावर टोनर ट्रान्सफर ही घरगुती पद्धत उपयुक्त ठरते. तिचे तत्त्व, कृती व मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तत्त्व :
पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडन येथे मुद्रित परिपथाची कल्पना प्रत्यक्षात आणली, तर चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये झेरॉक्स तंत्राचा पहिला यशस्वी प्रयोग केला. टोनर ट्रान्सफरमध्ये या दोन्ही शोधांचा संगम होतो. टोनर ही शाई नसून प्लास्टिकची रंगीत भुकटी आहे. उष्णतेने ती वितळते, तांब्याला चिकटते आणि त्याखालील तांब्याचे रसायनापासून रक्षण करते. इंकजेटच्या शाईत हा गुण नसल्याने लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स प्रतच आवश्यक असते.

कृती :
१) आराखडा गुळगुळीत, चकचकीत कागदावर गडद छापावा. छाप तांब्यावर पालथा पडत असल्याने तो उलटतो. संगणकावर खालचा थर वरून, म्हणजे सुट्या भागांच्या बाजूने दिसतो; म्हणून तो सरळच छापावा. वरचा थर मात्र आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटा छापावा. येथे चूक झाल्यास आयसीचे पाय जुळत नाहीत.
२) तांब्याचा पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करावा, बोटांचे तेलकट ठसे राहू देऊ नयेत.
३) कागद पालथा ठेवून गरम, कोरडी इस्त्री काही मिनिटे दाबून फिरवावी. फलक निवल्यावर पाण्यात भिजवून कागद हलक्या हाताने चोळून काढावा. तुटलेल्या रेषा कायम शाईच्या मार्करने जोडाव्यात.
४) कोमट फेरिक क्लोराइडच्या द्रावणात फलक हलवत राहावे. उघडे तांबे क्युप्रिक क्लोराइड होऊन विरघळते व फेरिक क्लोराइडचे फेरस क्लोराइड बनते. तांब्याचा थर साधारणतः ३५ मायक्रोमीटर असतो. द्रावणात अधिक वेळ ठेवल्यास रेषा कडेनेही झिजतात.
५) ॲसिटोनने टोनर पुसून सुमारे ०.८ ते १ मि.मी. छिद्रे पाडावीत.

मर्यादा :
नवशिक्याने रेषांची रुंदी अर्धा मि.मी. किंवा अधिक ठेवावी. टाकीचा पाणीपातळीदर्शक किंवा मातीतील ओलावादर्शक यांसारख्या कमी दाबाच्या परिपथांसाठी ही पद्धत योग्य आहे. कृषिपंपाच्या थ्री फेज पुरवठ्याशी थेट जोडला जाणारा फलक मात्र अशा रीतीने करणे धोक्याचे ठरते.

वापरलेल्या द्रावणाची विल्हेवाट :
हा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित आहे. अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यात विहिरी व बोअर हेच अनेक गावांचे आधार आहेत. बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून पाणी झिरपते, त्याच वाटेने तांब्याचे क्षारही झिरपू शकतात. तांबे अल्प प्रमाणातही जलचरांना घातक असते. म्हणून द्रावण मोरीत वा परसात ओतू नये. मोठ्या प्लास्टिक बादलीत धुण्याचा सोडा थोडाथोडा मिसळावा; फेस येणे थांबल्यावर तांबे व लोह गाळाच्या रूपाने खाली बसतात. वरचे पाणी प्लास्टिकच्या पसरट भांड्यात उन्हात आटवावे. सर्व गाळ बंद डब्यात साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे सोपवावा. हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा.

निष्कर्ष :
इस्त्री, झेरॉक्स प्रत व थोडे रसायन एवढ्या साधनांवर ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी स्वतःचा फलक घडवू शकतो. तथापि फलकाइतकेच उरलेल्या द्रावणाचे मूल्यमापन प्रात्यक्षिकात समाविष्ट झाले, तरच हे कौशल्य जिल्ह्याच्या पाण्याची किंमत न मोजता आत्मसात होईल.