उरले किती? प्राथमिक शाळेतल्या चाचण्या आणि त्यांच्या आतली भाषा

दोन वर्षांपूर्वी जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या शाळेत मी गुरुजींशेजारी बसून गणिताच्या उत्तरपत्रिका चाळत होतो. तिसरीतल्या एका मुलाने ४५ वजा १७ ही उभी मांडलेली वजाबाकी हातचा घेऊन बिनचूक सोडवली होती. खालच्या शाब्दिक उदाहरणात तीच क्रिया होती. कुणाजवळ ५२ चिंचोके होते, त्यांतले २६ हरवले, तर उरले किती? तिथे जागा कोरी होती. गुरुजींनी त्याला बोलावले. चौथीतल्या मुलीने त्याच्या घरच्या बोलीत प्रश्न सांगितला. पोराने बोटे मोडली आणि म्हणाला, "सव्वीस." उत्तरपत्रिकेवरचा शून्य मात्र तसाच राहिला, कारण चाचणी संपली होती.

हा शून्य गणिताचा की मराठीचा? त्या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

आपण सगळ्या चाचण्यांना एकच नाव देतो, पण त्यांची कामे वेगळी असतात. माझ्या लहानपणी चौथी-सातवीला असलेली आणि २०१७ मध्ये पाचवी-आठवीला गेलेली शिष्यवृत्ती परीक्षा निवड करते. १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेले राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नमुन्याच्या शाळा घेऊन जिल्ह्याचे आणि राज्याचे चित्र रेखाटते. एकेका मुलाशी त्याला कर्तव्य नसते. 'प्रथम' संस्थेचे २००५ पासूनचे 'असर' सर्वेक्षण शाळेत नव्हे, घरी जाते. जिल्ह्यातली ३० गावे, गावातली २० घरे, आणि मूल समोर बसून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठवर वाचते ते पाहायचे.

चौथा प्रकार राज्याच्या चाचण्यांचा. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमापासून पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. २०२३-२४ मध्ये 'स्टार्स' प्रकल्पाखाली तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू झाली. विषय तीन: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. हिचे मूळ काम वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे आहे. कोणते लेकरू कुठे अडले ते कळावे आणि गुरुजींनी तिथे हात द्यावा. पण गुण ऑनलाइन भरले जातात, त्यांची टक्केवारी होते, आणि मग बैठकीत केंद्राशी केंद्र, शाळेशी शाळा ताडून पाहिली जाते. नाडी पाहायला आणलेल्या साधनाने शर्यत लावली जाते.

छोट्या शाळेत या शर्यतीला अर्थ किती? समजा, वर्गात ८ मुले आहेत. एका मुलाचे वजन झाले साडेबारा टक्के. गेल्या वर्षी ८ पैकी ६ जणांना जमले, म्हणजे ७५ टक्के. यंदा ७ पैकी ४ जणांना जमले, म्हणजे ५७ टक्के. कागदावर शाळा १८ टक्क्यांनी घसरली. गुरुजी तेच, फळाही तोच, फक्त पोरे वेगळी. त्यात सिंदखेडराजा, लोणारकडची काही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. त्यांची लेकरे हजेरीपटावर असतात आणि चाचणीच्या दिवशी फडावर.

आता भाषेकडे येतो. २०२१ चे राष्ट्रीय सर्वेक्षण २२ भाषांतून झाले. त्यांत सिक्कीममधल्या भुतिया आणि लेपचा होत्या, मेघालयातल्या खासी आणि गारो होत्या. सातपुड्यातली कोरकू नव्हती, मग निहाली कुठून असणार? निहाली ही जळगाव जामोद परिसरातल्या काही गावांत बोलली जाणारी भाषा. बोलणारे सुमारे दोन-अडीच हजार. डच अभ्यासक कॉयपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. कोणत्याही भाषाकुळात ती नीट बसत नाही, म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिला एकाकी मानतात. जनगणना १० हजारांहून कमी भाषकांची भाषा स्वतंत्रपणे दाखवत नाही, त्यामुळे तिथेही ती दिसत नाही.

निहालीत एकला बिडुम, दोनला इरार, तीनला मोथो आणि चारला नालो म्हणतात. दोन ते चारचे शब्द द्राविडी वळणाचे आहेत, आणि पाचपासून पुढे शेजारच्या आर्य भाषांची उसनवारी आहे. म्हणजे मोजणे या लेकरांना परके नाही. परके आहे ते 'उरले', 'हरवले', 'त्यांपैकी'.

हा गुंता डोंगरापुरता नाही. घरी 'मले', 'तुले' म्हणणारे आमचे वऱ्हाडी पोरही पुस्तकातल्या 'मला'पाशी क्षणभर थबकते. आणि प्रमाण मराठीतही 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. २०१९ मध्ये 'बालभारती'च्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी संख्यानामे जोडीला दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचणच पुढे ठेवली होती. थट्टेच्या भरात ती बाजूला पडली.

निकालावर शाळेचे भवितव्य टांगले की काय होते, हे इंग्लंडने पूर्वीच पाहिले आहे. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या नियमावलीने तिथल्या शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या निकालाशी बांधले. मुले तपासणीसासमोर पाठ्यपुस्तक तोंडपाठ म्हणून दाखवू लागली. मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होते, त्यांनी कडाडून टीका केली. शतक संपता संपता ती पद्धत गेली.

म्हणून चाचण्या बंद करा, असे मी म्हणत नाही. चाचणी नसती तर त्या मुलाची कोरी जागा आम्हाला दिसलीच नसती. ती दिसल्यावर पुढे काय करायचे, एवढाच वाद आहे. त्या गुरुजींनी आपल्या वहीत गुणांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आहे: 'घरच्या बोलीत विचारल्यावर'. त्या मुलाच्या नावापुढे पहिल्या रकान्यात शून्य आहे, दुसऱ्यात बरोबरची खूण. ऑनलाइन पहिलाच रकाना जातो. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय शिकवायचे, ते गुरुजी दुसरा रकाना पाहून ठरवतात. त्या आठवड्यात त्यांनी वजाबाकी घेतली नाही. 'उरले' हा शब्द घेतला, चिंचोके हातात देऊन.